सोळाशे मीटर पळून फौजी तयार होतो का?

वाद पेटला सोन्याच्या नडगीवरून. पोरगं अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळतंय. काल संध्याकाळी लंगडतच कट्ट्यावर आलं. नडगीवर एका ठिकाणी बोट दाबलं की जीव जातो, म्हणाला.

"चार दिवस दुखंल, मग बसंल," आबा म्हणाले. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झालेत. "बेळगाव सेंटरला आम्हाला बूट घालून पळवायचे. उस्ताद, म्हंजी शिकवणारा हवालदार, रगडा द्यायचा तेव्हा कुणी नडगी दाखवली न्हाई."

"ज्यांची मोडली ते घरी गेले आबा, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत," मी म्हणालो. या बाबतीत मी ऐकून घेत नाही. ताण वाढला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढतं, मग नवा भरतं. मधल्या काही आठवड्यांत हाड कच्चं असतं. नेमकं तेव्हाच पळणं एकदम वाढवलं की चीर जाते. यात नाजूकपणा कुठं आला?

पैलवानाचं म्हणणं, मुळात एवढं पळायचंच कशाला? जोर-बैठका मारा, दोर चढा.

"अन् मार्क कोण देणार?" सोन्या उसळला. "१.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की ६० मार्क. दहा बीम, म्हणजे दांड्याला लटकून पुल-अप, मारले की ४०. नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग पट्टीवर तोल सांभाळत चालणं नुसतं पास व्हायचं. मी पळू नको तर काय करू?"

पोराचं चुकत नाही. भरती जे मोजते, तेच गावोगावची पोरं घोटतात. पण पुढं पलटणीत पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, अन् हातात रायफल घेऊन पळावं लागतं, त्याची तयारी यात कुठंय?

मी अमेरिकेचा दाखला दिला. तिथल्या लष्करानं १९८० पासून चाळीसेक वर्षं पुश-अप, सिट-अप आणि दोन मैल पळणं एवढ्यावरच जवान जोखला. २०२२ पासून जमिनीवरचं वजन उचलायची डेडलिफ्ट आली, सिट-अपच्या जागी कोपरांवर अंग ताठ धरायचा प्लँक आला. आणि एक प्रकार असा, की ४० किलोची घसरगाडी ओढायची, मग दोन्ही हातांत अठरा-अठरा किलो घेऊन पळायचं. जखमी साथीदाराला ओढून आणायला लागते ती हीच ताकद.

"म्हणजे तालीमच की!" पैलवान खूश.

"अन् दोन मैल काढलं का त्यांनी?" आबांनी बरोबर पकडलं. नाही काढलं. उलट २०२५ मध्ये त्यांनी वजनी चेंडू फेकायचा प्रकारच काढून टाकला.

मग आबा लेहचं सांगायला लागले. १९६२ ला घाईनं वर चढवलेल्या जवानांच्या छातीत पाणी झालं होतं. तेव्हापासून फौज शिकली. आता विरळ हवेची सवय व्हायला नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस थांबायचं, पंधरा हजारांपर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस तर नुसता आराम. "कितीबी तगडा गडी असू दे, नियम मोडला तर उस्तादच झापतो."

"मग आबा, तिथं शरीराला वेळ द्यायचा आणि नडगीला नाही, असं का?"

"वर माणूस मरतो रं. हितं लंगडतो."

मला हे पटलं नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. ज्या पोराचं भरतीचं वय निघून चाललंय, त्याला लंगडणं परवडत नाही.

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सोन्याला म्हणाले, "उद्या पळू नको. आधी एक्स-रे काढ अन् हाडाच्या डॉक्टरला दाखव. ते हो म्हणाले की मातीच्या ग्राउंडवर ये, डांबर बंद."

पैलवानानं लगेच तालमीचं आवतण दिलं. तेवढ्यात भरतीतच पाठीवर वजन देऊन पळवावं का, असा विषय निघाला. आबांचं म्हणणं, ते काम सेंटरचं. कच्च्या पोरांवर आधीच ओझं नको. पैलवान काही ऐकायला तयार नव्हता. मी मात्र या बाबतीत आबांच्या बाजूनं आहे.