‘तलावात लटकून काय होणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘खानापूरचा पाणबुडा’ या नावानं आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. उत्तर लांबलं म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेक्निकल डायव्हिंगच्या (थोडक्यात ‘टेक’: नेहमीच्या हौशी मर्यादेपलीकडचं, वर येताना ठरलेले थांबे घ्यावे लागणारं डायव्हिंग) कोर्सला जाण्याआधी मूळ कौशल्यं पक्की करा, त्यासाठी पोहायच्या तलावात वेळ घाला, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर हे म्हणतात की मी लोकांचा उत्साह मारतोय. ‘टेक ४०’ या सुरुवातीच्या टेक कोर्सला ३० डाइव्ह लागतात, यांचे त्याहून जास्त झालेत, मग वर आणखी अटी घालणारा मी कोण? शिकवणं इन्स्ट्रक्टरचं काम, त्याचेच तर पैसे भरतो. मलप्रभेत पोहून मोठे झालेल्यांना तीन मीटरच्या तलावाचं काय कौतुक? आणि शेवटी चिमटा: ‘बेळगावात समुद्र कुठाय ओ?’

समुद्र नाही, खरंय. त्यातूनच आपल्याकडच्या डायव्हरची एक वेगळी भानगड होते, तिच्याकडं नंतर येतो.

आधी आकड्याचं. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेक ४० साठी किमान ३० नोंदवलेले डाइव्ह हवेत, त्यांतले किमान १० नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर) आणि १८ मीटरपेक्षा खोल. ही प्रवेशाची अट आहे. तेवढं असेल तर तुम्हाला वर्गात बसू देतात, इतकाच तिचा अर्थ. आता तुमचे डाइव्ह कसे झालेत ते तुम्हीच आठवून बघा. तारकर्लीला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला आपण जातो तेव्हा गाईड पुढं असतो. किती खोल जायचं ते तो ठरवतो, हवा किती उरली ते तो विचारतो, वळायचं कधी आणि वर यायचं कधी तेही तोच सांगतो. असे ३० काय, १०० डाइव्ह केले तरी एकदाही स्वतः गॅसचा हिशोब न करता होतात. वहीत आकडा चढतो आणि गाईड नसेल तर काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो.

टेकमध्ये नेमकं काय बदलतं, ते ‘खोल जाता येतं’ एवढ्यावर सोडून चालत नाही. साध्या डायव्हिंगमध्ये काही बिघडलं तर सावकाश वर यायची वाट मोकळी असते. डिकॉम्प्रेशनचा डाइव्ह केला की ती वाट बंद. डोक्यावर पाणीच असतं, पण ते छतासारखं वागतं. ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबल्याशिवाय वर आलात तर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणजे जी काही अडचण असेल ती आहे तिथं, आहे त्या खोलीवर, तरंगत सोडवावी लागते. मास्क पाण्यानं भरला, सोबत्याची हवा संपली, दोरी अडकली, सगळं तिथंच.

आणि ‘तिथंच’ याला फार कमी सूट आहे. पुढच्या पातळीच्या कोर्समध्ये सहा मीटरच्या थांब्यावर शुद्ध ऑक्सिजन वापरायला शिकवतात. सहा मीटरवर एकूण दाब १.६ बार (वर हवेचा १ बार, शिवाय दर दहा मीटर पाण्याला १), म्हणून ऑक्सिजनचा दाबही १.६. हीच त्याची वरची मर्यादा. मास्क साफ करता करता नकळत नऊ मीटरला घसरलात की तो होतो १.९. तिथं ऑक्सिजनच विषारी ठरून झटके येऊ शकतात, बऱ्याचदा आधी काहीही न जाणवता. पाण्याखाली झटका आला तर तोंडातला, हवा देणारा रेग्युलेटर सुटतो. पुढचं लिहायची गरज नाही. उलट बाजूनं वर सुटलात तर थांबा मोडला. म्हणून एका खोलीवर हलत न राहता काम करता येणं हे फोटोत छान दिसण्यासाठी नाही. कोर्समध्ये जे जे शिकवतील ते सगळं याच्यावर उभं राहतं.

हे तीन मीटरच्या तलावात कसं शिकणार, असं तुम्ही विचारता. उत्तर ऐकून नवल वाटेल, पण उथळ पाण्यात स्थिर राहणं खोल पाण्यापेक्षा अवघड असतं. गणित करून बघा. वीस मीटरवर दाब ३ बार. तिथून एक मीटर वर सरकलात तर २.९, म्हणजे तरंगण्यासाठी जॅकेटमध्ये भरलेली हवा साधारण साडेतीन टक्के फुगते. तलावात दोन मीटरवर दाब १.२. एक मीटर वर गेलात की १.१, आणि तीच हवा नऊ टक्के फुगते. जो माणूस दोन मीटरवर दहा मिनिटं आडवा, गुडघे वाकवून, हात न हलवता राहू शकतो त्याला वीस मीटरवर फार त्रास होत नाही. (बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, त्यामुळं हवेचा दाब मुळात थोडा कमी, पण या हिशोबाला त्यानं फारसा फरक पडत नाही.)

पैशाच्या दृष्टीनंही बघा, कारण तुमच्या प्रतिक्रियेतली खर्चाची तक्रार मला पटते. नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची, २०० बार भरली तर आत २२०० लिटरच्या आसपास हवा. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. तलावात ती टाकी दीड तास पुरते. तीस मीटरवर हीच हवा अर्ध्या तासाच्या आत शून्यावर येईल. समुद्रातल्या एका डाइव्हला प्रवास, मुक्काम, बोट असं धरून जे लागतं त्यात टाकी किनाऱ्यावरून भरून आणून तलावात कितीतरी सराव होतो. तालमीत जोर-बैठका काढल्याशिवाय वस्ताद पोराला आखाड्यात उतरू देत नाही, आणि जोर मारायला कुणी जत्रेचं मैदान भाड्यानं घेत नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. एकट्यानं उतरू नका, काठावर नव्हे, पाण्यात सोबती हवा. आणि तलावातली वजनं समुद्रात तशीच नेऊ नका. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर समुद्रात दोन-अडीच किलो जास्त बांधावे लागतात.

आता मलप्रभा. खानापूरकडची पोरं विहिरीत आणि नदीत पोहायला शिकतात, सूर मारतात, तळातून मूठभर माती आणून दाखवतात. पाण्याची भीती नसणं ही मोठीच कमाई, ती कमी लेखत नाही. खरं त्याच पोहण्यातल्या दोन सवयी इथं आडव्या येतात. पहिली, श्वास रोखायची. विहिरीत वरून घेतलेला श्वास रोखून वर आलं तर काही होत नाही, कारण ती हवा वरच्याच दाबाची असते. टाकीतून तीन मीटरवर घेतलेला श्वास रोखून वर आलात तर तो छातीतच फुगतो, आणि फुप्फुसाला इजा व्हायला एवढी खोली पुरेशी आहे. दुसरी सवय हातांची. पोहणाऱ्याला तोल गेला की हात मारावासा वाटतो. टेकमध्ये हात मोकळे नसतातच. एका हातात रील (दोरीची फिरकी), दुसऱ्यात बोया (दोरीवरून पृष्ठभागावर सोडायचा फुगा), आणि नजर खोली-वेळ दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर. म्हणून तलावात पहिला सराव हा: दोन्ही हात पुढं गुंफून ठेवायचे आणि फक्त श्वासानं वरखाली व्हायचं. गावाकडचं बेडकासारखं पोहणं मात्र इथं कामाला येतं. फ्रॉग किक त्याच्या जवळची आहे, तिनं तळाचा गाळ कमी उठतो. मालवण किंवा गोव्याच्या गढूळ पाण्यात सरळ पाय आपटत गेलेल्या डायव्हरच्या मागून एकदा जाऊन बघा, मुद्दा लगेच कळेल.

गॅसचा हिशोब तर पाण्यात न उतरता, घरी वहीवर शिकता येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडंच होतं. ‘५० बार उरले की वर’ हे आपण पाठ केलेलं वाक्य. तीस मीटरवर सोबत्याची हवा संपली असं समजा. दोघंही घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०. खाली एक मिनिट गोंधळ निस्तरण्यात: ४ बार दाब, म्हणजे २४० लिटर. वर यायला चार मिनिटं, सरासरी दाब २.५ बार: ६०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २७० लिटर. बेरीज १११० लिटर, म्हणजे ११.१ लिटरच्या टाकीत बरोबर १०० बार. अर्धी टाकी! तीस मीटरवर एकच टाकी असेल तर काटा १०० वर आला की निघायची वेळ झाली. आपल्यापैकी किती जण तेव्हा निघतात?

‘शिकवणं इन्स्ट्रक्टरचं काम’ हे अर्धं बरोबर. दोन जोडलेल्या टाक्यांचे व्हॉल्व्ह पाण्यात बंद-उघड करणं, खोलीनुसार गॅस बदलणं, डिकॉम्प्रेशनच्या थांब्यांचा आराखडा, हे कुणी शिकवल्याशिवाय स्वतः करून बघू नये, व्हिडिओ बघून तर मुळीच नको. पण तुम्ही तरंगायला धडपडत असाल तर कोर्सचे दिवस त्यातच जातात. मान मागं घेऊन हात खांद्यामागच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचवायचा, तेव्हा पाय खाली जातात, श्वास वाढतो, आणि कुठला नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा हे डोक्यातून निघून जातं. आधीच आडवं राहता येणाऱ्याचं डोकं नव्या गोष्टीला मोकळं असतं. पैसे दोघांचे सारखेच जातात.

प्रतिक्रियेत हिडकलच्या जलाशयात सराव करण्याचंही सुचवलंय. नको. परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी धरणाच्या दरवाज्यांजवळ आणि पाणी ओढणाऱ्या पाइपांजवळ दाबाच्या फरकानं माणूस खेचला जातो, आणि त्यातून ताकदीनं सुटता येत नाही. गढूळ पाण्यात ते तोंड कुठं आहे हे दिसणारही नाही.

आता ती बेळगावची भानगड. सकाळी मालवणात दोन डाइव्ह, दुपारी सुरमईची थाळी, आणि संध्याकाळी आंबोली चढून रात्री घरी. गोव्याहून आलो तर चोर्ला. हे आपण सगळेच करतो आणि त्यात काही वावगं वाटत नाही, कारण ‘विमानात बसू नका’ एवढंच शिकवलेलं असतं. पण विमान असो की घाट, उंचावर हवेचा दाब कमी, आणि त्यानं अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हरच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या सूचना बघा: विमानात बसण्याआधी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८ तास, आणि डिकॉम्प्रेशनचा डाइव्ह असेल तर १८ तासांहूनही बरंच जास्त. या सूचना विमानाच्या केबिनमधल्या ६०० ते २४०० मीटर उंचीच्या दाबाला धरून आहेत. आंबोली ६९० मीटर, बेळगाव ७५०. म्हणजे आपलं घरच त्या पट्ट्यात येतं. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आहे, मान्य. तरी सावध राहायचं तर मी डाइव्हनंतरच्या रात्रीचा मुक्काम घाटाखाली करा म्हणेन. सावंतवाडीत राहा, मालवणात राहा. टेकचे डाइव्ह सुरू झाले की ही रात्र खर्चात आधीच धरा. मुंबई-पुण्याच्या डायव्हरला हे कुणी सांगणार नाही, कारण त्यांच्या वाटेवर घाट असला तरी शहर एवढ्या उंचीवर नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग आत्ता घ्यायचं काय? स्वतःच्या मापाची, थोडी कडक, स्प्रिंग स्ट्रॅपची (मागं स्प्रिंगचा पट्टा असलेली) फिन्स. दुसरं, बॅकप्लेट आणि विंग (पाठीवरची पाटी आणि तिला जोडलेली हवेची पिशवी), कारण तीच पुढं दोन टाक्यांसोबत चालते. तिसरं, बोया आणि स्पूल (दोरीचं छोटं रीळ). तलावाच्या तळाजवळ खोली न सोडता बोया सोडायचा सराव लगेच सुरू करता येतो. जोड-टाक्यांचा जुना सेट गोव्यात स्वस्तात मिळतोय असं तुम्ही लिहिलंय, तो कोर्स ठरेपर्यंत राहू द्या. कुठल्या मापाच्या टाक्या घ्यायच्या ते तुमच्या उंची-वजनावर आणि शिकवणाऱ्याच्या पद्धतीवर ठरेल, आणि घ्यायच्याच झाल्या तर आधी हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबानं केलेल्या टाकीच्या तपासणीचा) शिक्का बघा.