‘पट्टी बदलता येईल का?’ हा नकार नव्हता

नमस्कार,

‘गायक आधी शोधा, ट्रॅक मग पूर्ण करा’ या माझ्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की हा सल्ला ओळखीपाळखी असलेल्यांसाठी आहे. घरी एकट्यानं संगीत करणाऱ्याकडे दाखवायला ट्रॅकशिवाय असतं काय? तुम्ही चार महिने खपून ट्रॅक, म्हणजे गाण्याची वाद्यसाथ, पूर्ण केलात आणि वीस जणांना पाठवलात. सतरा जणांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी मानधन विचारलं आणि एकीनं ‘पट्टी बदलता येईल का?’, म्हणजे गाण्याचा सा वर किंवा खाली नेता येईल का, एवढंच विचारलं. यावरून हौशी माणसासाठी कुणाला गायचंच नसतं, असं तुम्ही म्हणता.

आधी मानधनाचं बोलते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘गाणाऱ्याला पैसे द्यायलाच हवेत’ असं एका वाक्यात सांगून मी मोकळी झाले होते. दोघंही हौसेनं काम करत असतील तर गाण्यात निम्मा वाटा, दोघांची नावं बरोबरीनं, असा व्यवहारही प्रामाणिक असतो. फक्त तो पहिल्याच निरोपात स्पष्ट लिहावा. गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो, हे १९६१ च्या रोम करारापासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. चाल तुमची, ट्रॅक तुमचा, तरी गायलेला टेक, म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं, केवळ तुमचा होत नाही. ‘पैसे आले तर बघू’ असं वाचून लोक गप्प बसतात ते यामुळेच.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

तुम्ही पाठवलेला ट्रॅक ऐकला. चाल मला खरंच आवडली, अंतऱ्यातून मुखड्यावर येतानाची ती जागा तर फारच. पण गाणं पांढरी एकमध्ये आहे (पेटीची पहिली पांढरी पट्टी हा सा), अंतरा मंद्र पंचमापाशी, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पाशी, सुरू होतो आणि मुखडा तार पंचमाला, वरच्या सप्तकातल्या प ला, जाऊन टेकतो. म्हणजे पूर्ण दोन सप्तकं. कीबोर्डवर एवढं अंतर दोन्ही हातांखाली आरामात मावतं. गळ्यासाठी ते फार मोठं आहे. बरेच चांगले गळेही दीड सप्तकातच सुखानं फिरतात. शिवाय पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात आणि बायका काळी चार-पाचच्या. तुम्ही एकच ट्रॅक दोघांनाही पाठवलात. ऐकणाऱ्यानं मनात गुणगुणून पाहिलं असेल, वरचा पंचम लागला नसेल आणि त्यानं फाइल बंद केली असेल. ‘मला हे झेपत नाही’ असं अनोळखी माणसाला लिहून कळवणं कुणालाच सोपं नसतं.

हे मी ठामपणे सांगते, कारण माझ्याकडून हेच झालंय. एका गायिकेनं माझ्या पट्टीत तीन दिवस प्रयत्न केला, शेवटी आवाज बसला. मग मी ट्रॅक चार अर्धस्वर खाली आणला. मिडीवर वाजवलेले भाग (त्यात आवाज नाही, फक्त कुठला स्वर कधी वाजला याची नोंद असते) क्षणात उतरले, पण रेकॉर्ड केलेली गिटार सॉफ्टवेअरनं खाली ओढल्यावर तिचा झंकारच गेला. बासचा तर खालचा स्वर चार तारांच्या बास गिटारवर उरलाच नाही. दोन्ही पुन्हा वाजवावे लागले. पट्टी आधी विचारली असती तर तिचा आवाजही वाचला असता आणि माझं कामही.

दुसरी गोष्ट जागेची. आवाजाविना चार महिने ट्रॅक ऐकत राहिलं की मधली पोकळी सहन होत नाही आणि आपण ती भरत जातो. तुमच्या मुखड्यात सिंथ (सिंथेसायझर) चालीचेच स्वर वाजवतोय आणि त्यावर गिटारचा एक भरणाही आहे. साधारण २ ते ५ हजार हर्ट्‌झच्या दरम्यान कान सर्वांत तीक्ष्ण असतो, शब्द कळायला लागणारी व्यंजनंही बरीचशी तिथेच असतात, आणि तुमचा सिंथ नेमका तिथेच ठाण मांडून बसलाय. गाणाऱ्यानं उभं राहायचं कुठे? म्हणून मी म्हणते, ताल, बास आणि एका वाद्यावर स्वरसंगती एवढंच करा आणि ते पाठवा. एक अंतरा, एक मुखडा पुरे.

त्यासोबत तुमच्याच आवाजात गायलेली चाल हवी. ‘माझा आवाज वाईट म्हणून कीबोर्डवर वाजवून दिली,’ असं तुम्ही लिहिलंय. कीबोर्डवरून स्वर कळतात. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे तुटतो, कुठलं अक्षर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतं, हे कळत नाही. बेसूर गायलात तरी चालेल, दोन्ही पाठवा.

फाइलींचं थोडक्यात: ऐकायला एमपी३ ठीक, पण त्यावर गाऊन घेऊ नका. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, बरेचदा २५ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि परत आलेला आवाज तालामागे पडतो. वेव्ह (न दाबलेली, मूळ दर्जाची फाइल) द्या, बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते लिहा, आणि गाणाऱ्याकडून रिव्हर्बशिवायचा, म्हणजे घुमारा न जोडलेला, कोरा टेक गाण्याच्या पहिल्या क्षणापासून मागवा. दोघांचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, एकच ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजली तर स्वर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो.

आता त्या एकीबद्दल. तिच्या प्रश्नाला तुम्ही ‘नखरे’ म्हणालात, ते वाचून मला वाईट वाटलं. वीस जणांत तुमचं गाणं खरोखर गाऊन पाहिलेलं माणूस बहुधा तीच आहे. गाऊन पाहिल्याशिवाय पट्टी अडचणीची आहे हे कळत नाही, आणि गाणं आवडल्याशिवाय कुणी बदलून मागत नाही. तिला आजच लिहा. तिचा सा कुठला, वर कुठपर्यंत मोकळं वाटतं आणि मुखड्यातला तो पंचम खाली आणला तर चालेल का, एवढं विचारा. सिंथ काढलेला ट्रॅक सोबत जोडा. तुमची चाल एवढं करण्याच्या योग्यतेची आहे.