टीव्ही साडेचार मिनिटांनी गोठतात: मंगल कार्यालयाच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. मंगलाष्टकं सुरू असताना जेवणाच्या हॉलमधले १२ टीव्ही चार-साडेचार मिनिटांनी गोठले, चॅनेल बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालले, पाहुण्यांचं वाय-फायही बसलं आणि आम्ही हलका एन्कोडर (व्हिडिओ नेटवर्कवर सोडणारं यंत्र) गळ्यात मारला, असं आपण लिहिलंय. त्रास झाला हे खरं, त्याबद्दल माफी मागतो. एन्कोडरचं मात्र पटत नाही.

एन्कोडर ६ एमबीपीएसचा एकच प्रवाह २३९.१०.१०.१ या मल्टिकास्ट ग्रुपच्या पत्त्यावर (एकदाच सोडायचा, मागेल त्या सगळ्यांना मिळतो) सोडतो. टीव्ही १२ असोत की ४०, त्याच्यावर भार तेवढाच. शिवाय तो बिघडला असता तर नुसतं चॅनेल बदलून चित्र परत आलं नसतं.

खरी खूण त्या साडेचार मिनिटांत आहे. चॅनेल लावताच टीव्ही नेटवर्क स्विचकडे ‘हा ग्रुप हवा’ अशी मागणी नोंदवतो. आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टने कोणता ग्रुप मागितला यावर लक्ष ठेवणं) चालू असलेला स्विच ती नोंद साधारण २६० सेकंद धरतो. दर १२५ सेकंदांनी क्वेरिअर (राउटर किंवा स्विचमधली विचारणा करणारी सोय) ‘अजून कोणाला हवंय?’ विचारतो, टीव्ही उत्तर देतो, मुदत वाढते. विचारणाराच नसला की ४ मिनिटं २० सेकंदांनी नोंद खोडली जाते आणि त्या पोर्टचं चित्र तुटतं. दोन मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. दहा मिनिटं तरी चालवून बघावं लागतं.

क्वेरिअर आम्ही राउटरमध्ये चालू केला होता. इंटरनेटची लाइन बदलताना राउटर बदलला, त्याच्याबरोबर क्वेरिअरही गेला. इंटरनेट व्यवस्थित चालू, मग संशय कोणाला येणार? इथे चूक आमचीच. तो मुख्य स्विचवर ठेवायला हवा होता आणि सेटिंगचा कागद रॅकमध्ये चिकटवायला हवा होता.

तुमच्या वायरमनला हे करता येईल: मुख्य स्विचच्या पानावर आयजीएमपी स्नूपिंगखाली क्वेरिअर चालू करा, व्हर्जन २ ठेवा आणि स्विचला त्याच नेटवर्कमधला आयपी द्या. ०.०.०.० वरून आलेला प्रश्न काही उपकरणं मानत नाहीत. मग लॅपटॉप केबलने जोडून वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) आयजीएमपीचा फिल्टर लावा. सव्वादोन मिनिटांत २२४.०.०.१ ला गेलेली क्वेरी दिसलीच पाहिजे.

वाय-फायचं कारण वेगळं. हॉलमध्ये नंतर कोणीतरी साधा आठ पोर्टचा स्विच लावून काही टीव्ही आणि वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट दोन्ही त्यावरच जोडलेत. साध्या स्विचला स्नूपिंग कळत नाही, तो व्हिडिओ सगळ्या पोर्टना वाटतो. ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सर्वांत कमी वेगाने हवेत सोडतो, २.४ गीगाहर्ट्झवर बहुतेकदा १ एमबीपीएसने. त्यात ६ एमबीपीएस मावणार कसे? पाहुण्यांचे मोबाइल नुसते गोल फिरत बसतात. तूर्त ॲक्सेस पॉइंटची केबल थेट मुख्य स्विचला न्या. कायमचा उपाय हवा तर टीव्हींचा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क) वेगळा करावा लागेल.

आमचा माणूस येऊन दोन्ही कामं करून देईल, भेटीचे पैसे नाहीत. हॉलसाठी स्नूपिंगवाला स्विच हवा असेल तर त्याची किंमत तेवढी पडेल. मुहूर्त नसलेला दिवस कळवा.