बॉक्सर ‘अर्धा फायटर’? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

मुंबईतल्या जिमच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: बॉक्सरकडे फक्त दोन हात, एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) खेळणाऱ्याकडे हात, पाय, कोपर, गुडघे आणि वर कुस्ती. पिंजऱ्यात, म्हणजे एमएमएच्या जाळीबंद आखाड्यात, बॉक्सर एक मिनिट टिकत नाही. उलट एमएमएवाल्या फ्रान्सिस न्गानूने बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरून थेट हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीला पाडलं. एमएमएचे ग्लोव्ह्ज छोटे, म्हणून ठोसा जास्त जड. त्यात टॅप करून, म्हणजे हाताने थोपटून हार मानत, सुटता येतं, म्हणून इजाही कमी. रस्त्यावरच्या मारामारीतही एमएमएच कामाला येतं. तेव्हा मुलांची वर्षं बॉक्सिंगमध्ये फुकट घालवू नका, सरळ एमएमएला घाला.

यातली एक-दोन वाक्यं खरी आहेत आणि त्यांच्या जोरावर बाकीची खपून जातात. हा संदेश वाचून मुलाचा क्लास बदलायला निघालेल्यांसाठी हे उत्तर आहे.

‘पिंजऱ्यात बॉक्सर एक मिनिट टिकत नाही’

पुरावा म्हणून नेहमी एकच लढत दाखवली जाते. २८ ऑगस्ट २०१० रोजी बॉस्टनला, यूएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेच्या ११८ व्या कार्यक्रमात, जेम्स टोनी एमएमएवाल्या रँडी कुटूरसमोर उभा राहिला. टोनी हा तीन वजनगटांत जगज्जेता राहिलेला बॉक्सर. कुटूरने सुरुवातीलाच खाली जाऊन त्याचा पाय धरला, टोनी पाठीवर आला, आणि ३ मिनिटं १९ सेकंदांना गळा आवळला गेल्यावर त्याने हार मानली.

असं का झालं, हे तालमीची माती लागलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. बॉक्सर अंग तिरकं ठेवून उभा राहतो, त्यामुळे समोरच्याला पोट आणि हनुवटी कमी मिळते. पण पुढचा पाय मात्र एकटाच पुढे येतो. ठोसा मारताना वजन त्याच पायावर जातं, म्हणजे नेमक्या त्या क्षणी तो मागे खेचता येत नाही. एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून पाडायला, याहून सोयीची वेळ नाही. दुसरी सवय मिठीची. मार बसला किंवा दम लागला की बॉक्सर समोरच्याला मिठी मारतो, रेफरी येऊन सोडवतो, तेवढ्यात दोन श्वास मिळतात. पिंजऱ्यात मिठी सोडवायला लगेच कोणी धावत नाही. तिथे कमरेला विळखा पडतो आणि पाठ जाळीला टेकते. तिसरी सवय हुक, म्हणजे बाजूने येणारा वाकडा ठोसा, चुकवायला डोकं कमरेपर्यंत खाली नेण्याची. रिंगमध्ये ती कला आहे, पिंजऱ्यात त्याच उंचीवर गुडघा येतो.

आणि पोटरीवरची लाथ. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, हाडाला लागून एक नस वरवर जाते. तिच्यावर तीन-चार कडक लाथा बसल्या की पाऊल नीट उचलत नाही. पाऊल गेलं की ठोसाही गेला, कारण ठोशाची ताकद जमिनीतून, टाचेतून, कमरेतून वर येते.

तेव्हा पट सोडवण्याचा एक दिवसही सराव न केलेला बॉक्सर एमएमएच्या नियमांत बहुधा हरेल, हे मान्य. फॉरवर्ड मात्र यावरून ‘बॉक्सिंगच निरुपयोगी’ इथवर उडी मारतो. टोनी त्या दिवशी ४२ वर्षांचा होता, ती त्याची पहिलीच एमएमए लढत होती, आणि समोर मुरलेला ग्रीको-रोमन मल्ल होता.

त्याऐवजी रे मर्सर पाहा. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधला बॉक्सिंगचा सुवर्णविजेता. २००७ मध्ये किम्बो स्लाइसने त्याला पिंजऱ्यात गिलोटिन, म्हणजे समोरून काखेत मान धरून गळा आवळण्याचा पेच, लावून हरवलं. जून २००९ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, एमएमएच्याच नियमांत त्याची गाठ यूएफसीचा माजी हेवीवेट विजेता टिम सिल्व्हियाशी पडली. सिल्व्हियाने एक लाथ मारली, मर्सरचा उजवा हात आला, आणि दहा सेकंदांच्या आत सगळं आटोपलं. माणूस एकच. पहिल्या लढतीत समोरच्याने अंगाला अंग भिडवलं, दुसऱ्या लढतीत समोरचा त्याच्या हाताच्या टप्प्यात उभा राहिला. निकाल अंतरावर ठरला.

हॉली होमचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. ती बॉक्सिंगची जगज्जेती, किकबॉक्सिंगही येत होतं. एमएमएत आल्यावर तिने काही वर्षं पट अडवण्यावर मेहनत घेतली. १५ नोव्हेंबर २०१५ रोजी मेलबर्नला राँडा राउझी, म्हणजे बीजिंग ऑलिम्पिकमधली ज्युदोची कांस्यविजेती, तिला धरायला पुढे पुढे येत राहिली. होम सरळ मागे हटली नाही. ती बाजूला सरकायची, सरळ डावा हात टाकायची, पुन्हा कोनात निघून जायची. दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ बसली आणि लढत संपली. लाथ सगळ्यांच्या लक्षात राहिली. ती बसण्याची जागा तयार केली होती बॉक्सिंगच्या पावलांनी.

‘न्गानूने फ्युरीला पाडलं’

पाडलं, अगदी खरं. २८ ऑक्टोबर २०२३, रियाध, तिसरी फेरी. पण दहा फेऱ्या झाल्यावर दोन पंचांनी फ्युरीला आणि एकाने न्गानूला कौल दिला, हे फॉरवर्डमध्ये नाही. त्यानंतरचं तर अजिबातच नाही. ८ मार्च २०२४ रोजी त्याच शहरात न्गानू बॉक्सर अँथनी जोशुआसमोर उतरला. पहिल्या फेरीत खाली गेला आणि दुसऱ्या फेरीत लढत संपली.

२६ ऑगस्ट २०१७ ची बॉक्सर मेवेदर आणि एमएमएवाला मॅकग्रेगर यांची बॉक्सिंगची लढतही अशीच अर्धी सांगितली जाते. सुरुवातीच्या फेऱ्यांत मॅकग्रेगर बरा दिसला खरा. मग ४० वर्षांचा मेवेदर गार्ड वर ठेवून पुढे चालायला लागला, आणि दहाव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली. तोपर्यंत तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेत मेवेदर स्पष्ट पुढे होता.

एमएमएवाला रिंगमध्ये का अडकतो? मुख्य कारण एका पावलाचं आहे. लाथ आणि पट या दोन्हींपासून वाचायला तो बॉक्सरपेक्षा साधारण एक पाऊल लांब उभा राहतो. तिथून आत येतो, एक-दोन ठोसे देतो, आणि लगेच बाहेर निघतो किंवा धरतो. रिंगमध्ये ते पाऊल ओलांडतानाच बॉक्सरचा काउंटर, म्हणजे उलट ठोसा, तयार असतो. आत पोहोचल्यावर पुढे काय, हा दुसरा प्रश्न. बॉक्सर तिथे चार-पाच ठोसे सलग गुंफतो: डोकं, बरगडी, पुन्हा डोकं. मधे एखादी हूल. कबड्डीत चढाईपटू जशी खांद्याने हूल देतो तशीच ही, फक्त ती इथे अर्ध्या वितीची असते आणि बघणाऱ्याला दिसतही नाही.

जागेचाही फरक पडतो. यूएफसीचा अष्टकोन सुमारे ९ मीटर रुंद, त्याचे कोपरे पसरट. हौशी बॉक्सिंगची रिंग दोरांच्या आत ६.१ मीटर, आणि तिचे चार कोपरे काटकोनी. पिंजऱ्यात गोल फिरून निसटता येतं; रिंगमध्ये चांगला बॉक्सर वाट कापत तुम्हाला कोपऱ्यात नेतो. शिवाय दमाची विभागणी वेगळी. एमएमएच्या विजेतेपदाच्या लढतीत ५ मिनिटांच्या ५ फेऱ्या, म्हणजे २५ मिनिटं, त्यातही काही वेळ धरून, टेकून जातो. बॉक्सिंगमध्ये ३ मिनिटांच्या १२ फेऱ्या, म्हणजे ३६ मिनिटं, आणि जवळजवळ सगळा वेळ हात वर. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारताचा विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली या बॉक्सरांची दहा फेऱ्यांची लढत गुणांवर गेली. ती ज्यांनी पाहिली, त्यांना सातव्या-आठव्या फेरीपासून खांदे कसे जड होत जातात हे आठवत असेल.

‘छोटे ग्लोव्ह्ज, म्हणून ठोसा जड’

एमएमएचा ग्लोव्ह ४ औंसांचा, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजनगटाप्रमाणे ८ किंवा १० औंस, म्हणजे २२७ किंवा २८३ ग्रॅम. एवढ्याने ठोशाची मूळ ताकद बदलत नाही. बदलतं ते काय, हे समजून घ्या. छोट्या ग्लोव्हमध्ये मूठ लहान राहते आणि कातडी पटकन फाटते. ती गार्डच्या फटीतून आत शिरते. म्हणूनच दोन्ही हात गालाला लावून ठोसे झेलण्याची बॉक्सिंगची सवय पिंजऱ्यात फसते; मोठ्या ग्लोव्हची भिंत तिथे नसते. दुसऱ्या बाजूला, मारणाऱ्याची करंगळीमागची हाडं कपाळावर आपटून मोडण्याचा धोका वाढतो.

मोठा ग्लोव्ह हाताला वाचवतो. मेंदूला वाचवत नाही. डोकं झटक्याने फिरलं की मेंदू आत हलतो, आणि तो झटका गादी लावून थांबत नाही. उलट हात शाबूत राहतो म्हणून डोक्यावर जास्त वेळा मारता येतं.

‘टॅप करता येतं, म्हणून इजा कमी’

कॅनडातल्या एडमंटनमध्ये २००० ते २०१३ दरम्यान लढतीनंतर डॉक्टरांनी केलेल्या तपासण्यांचा अभ्यास झाला आहे. एमएमएवाल्यांपैकी ५९.४ टक्क्यांना काही ना काही इजा आढळली, बॉक्सरांपैकी ४९.८ टक्क्यांना. शुद्ध हरपण्याचं प्रमाण मात्र बॉक्सरांत ७.१ टक्के आणि एमएमएत ४.२ टक्के. म्हणजे ‘इजा कमी’ हे चूक, आणि डोक्याच्या बाबतीत बॉक्सिंगचा हिशेब अधिक जड. बॉक्सिंगवर प्रेम असलेल्यांनी हे झाकू नये. दहा आकडे मोजेपर्यंत उठलेला बॉक्सर पुन्हा मार खायला उभा राहतो, हा त्या खेळाचा सगळ्यात कठोर भाग आहे.

क्लास निवडताना म्हणून खेळाचं नाव नंतर विचारा. आधी विचारा की आठवड्यात जोराचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, किती वेळा होतं. लहान मुलांसाठी ‘दर वर्गाला’ असं उत्तर आलं, तर तिथून निघा, पाटी बॉक्सिंगची असो की एमएमएची.

रस्त्यावरच्या मारामारीचा मुद्दा फॉरवर्डमध्ये ओझरता येतो, उत्तरही तेवढंच. पेव्हर ब्लॉकवर पट काढणाऱ्याचाही गुडघा फुटतो, आणि समोर दुसरा माणूस असेल तर खाली बसून गळा आवळायला वेळ मिळत नाही.

‘बॉक्सिंगमध्ये वर्षं फुकट’

हा सल्ला सर्वांत घातक, कारण लोक तो पाळतात. साधा हिशेब करा. आठवड्यात ३ दिवस, दर वर्ग दीड तासाचा: २७० मिनिटं. अंग तापवण्याची रोजची २० मिनिटं वजा केली की २१० उरतात. एमएमएच्या वर्गात ती मारणं, पाडणं आणि जमिनीवरचे पेच यांत वाटली, तर प्रत्येकाला ७० मिनिटं. मारण्यातही अर्धा वेळ लाथांना. हाताला आली ३५ मिनिटं. बॉक्सिंगच्या मुलाला त्याच आठवड्यात २१०. नवशिक्याला तिन्ही गोष्टी एकदम दिल्या की बहुतेकदा तिन्ही कच्च्या राहतात: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकताना हनुवटी वर, पट काढताना मान खाली, आणि पडल्यावर हात टेकून मनगट दुखावलेलं.

आपल्याकडचे एमएमए खेळाडू कुठून आले तेही पाहा. ऋतू फोगट कुस्तीतून आली. ८ जून २०२४ ला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरलेली पूजा तोमर वुशू या चिनी युद्धकलेतून. आधी एक पाया पक्का, मग बाकीची जोड. मुंबईत तो पाया बॉक्सिंगचा असू शकतो, कुस्तीचा, ज्युदोचाही. बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आहे, रेल्वे आणि सेनादलांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. एमएमएला अजून ती वाट नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावं.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट तपासा: मॅट. जून ते सप्टेंबर दमट हवेत जमिनीवर घासाघीस झाली की नायटा पसरायला वेळ लागत नाही. मॅट प्रत्येक वर्गानंतर जंतुनाशकाने पुसली जाते का, हे डोळ्यांनी बघा. ग्लोव्ह्ज पिशवीत बंद ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली उघडे ठेवा.

आणि वाद मिटत नसेल तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एक साधा प्रयोग करा. जवळपास समान वजनाचे दोघे घ्या, एक बॉक्सर, एक एमएमएवाला. दोघांना १६ औंसांचे ग्लोव्ह्ज, माउथगार्ड, खाली मॅट, जोर तिसऱ्या हिश्श्याचा. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिलीत फक्त हात. दुसरीत मिठी चालेल, पण पाच सेकंदांनी सोडवायची. तिसरीत पट काढायला मोकळीक, पाडलं की पुन्हा उभं करायचं. बाहेर बसलेल्यांनी ठोसे मोजू नयेत. तिन्ही फेऱ्यांत बॉक्सरचा पुढचा पाय कुठे पडतो आणि दोघांमधलं अंतर किती राहतं, तेवढंच बघावं.