वय लाच खात नाही, असं दादा म्हणतो

गेल्या जुलैपासून आमच्या इथल्या, पेनसिल्व्हेनियातल्या गॅरेजमध्ये गाडी नाहीये, ट्रेलर आहे. अमेरिकन मिल्ट्रीचा एम-४१६, व्हिएतनामच्या काळातला, एम-१५१ म्हणून त्यांची छोटी जीप होती तिच्यामागे लावायचे तो. पाव टनी म्हणतात त्याला, म्हणजे ५०० पौंड माल. एका शेतावर गोठ्याच्या मागे पडून होता, आत पाणी साचून पानांचा चिखल झालेला, आणि गंमत म्हणजे पाणी साचलं कारण डबा बनवलाच वॉटरटाइट आहे, ओढा ओलांडताना तरंगावा म्हणून. तळाला बुचं आहेत, ती काढली की पाणी जातं, पण इतक्या वर्षांत ती काढायचं कुणाला सुचलं नाही. तरंगायला बनवलेली वस्तू आतूनच सडली.

बाराशे डॉलरला घेतला आणि फोटो टाकला फॅमिली ग्रुपवर. तिथे आधीच दिल्लीचा विषय तापलेला. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर तेल द्यायचं नाही असा आदेश निघाला होता, लोकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच तो बाजूला ठेवावा लागला. भाची म्हणाली मामा, तुमच्याकडे साठ वर्षांचं भंगार रस्त्यावर आणता येतं आणि इथे बाबांची नीट चालणारी गाडी मोडीत काढा म्हणतात. यावर कराडच्या माझ्या मावसभावाने, दादाने, एकच ओळ टाकली, "अरे त्याच्या भंगाराला इंजिन नाही, धूर कुठून येणार." बरोबरच आहे. दिल्लीचा प्रश्न हवेचा आहे आणि माझ्या ट्रेलरने आयुष्यात धूर काढलेला नाही. पण खरं भांडण हवेवरून नव्हतंच, ते होतं जुनं म्हणजे धोक्याचं का आणि आपल्याच वस्तूला हात लावायचा हक्क आपल्याला आहे का, यावरून.

तिकडच्या, म्हणजे भारतातल्या, कायद्याबद्दल ग्रुपवर जो तो आपलंच खरं करतो म्हणून मला माहिती आहे तेवढं सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळ हायकोर्टाचा निकाल फिरवला आणि सांगितलं की कंपनीने जे स्पेसिफिकेशन देऊन गाडी विकली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १८२अ आलं, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे फोटो पेपरात येतात ते तुम्ही पाहिलेच असतील (त्या सायलेन्सरबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, आमच्या आळीत एक होता). थोडक्यात, तिकडे विचारतात ते हे की गाडी कंपनीने दिली तशीच आहे का, आणि तिचं वय किती.

आता "अमेरिकेत कायपण करता येतं" हे जे वाक्य दर दिवाळीला ऐकतो त्याचं काय ते पण सांगतो. इथला फेडरल कायदा असा आहे की कारखाना, डीलर आणि गॅरेजवाला यांनी गाडीतली सेफ्टीची वस्तू निकामी करायची नाही, पण स्वतःच्या गाडीवर स्वतः काम करणारा मालक त्या कलमात येत नाही, त्याला राज्याचे नियम. आणि मिल्ट्रीसाठी बनवलेल्या गाड्या मुळात नागरी सेफ्टी स्टँडर्डमध्ये बसवलेल्याच नसतात, त्यांना सूट असते. म्हणजे माझ्याकडे जो ट्रेलर आला त्याचे दिवे २४ व्होल्टचे, प्लग १२ पिनांचा, पुढे बॉल कपलर (गाडीमागच्या गोळ्यावर बसणारा जोड) नाही तर एक जाडजूड लोखंडी कडं जे मिल्ट्रीच्या हुकात अडकायचं. आहे तसा माझ्या गाडीला लागणारच नव्हता. तिकडच्या नियमाने बघितलं तर "ओरिजिनल ठेवा" म्हणजे इथे "रस्त्यावर आणू नका" असाच अर्थ झाला असता.

सुरुवात रंगापासून केली आणि तिथेच दोन महिने गेले. मला वाटलं होतं ग्राइंडर फिरवायचा आणि मोकळं व्हायचं, पण जुन्या मिल्ट्री रंगात शिसं असू शकतं, आणि १९८० च्या दशकात किंवा नंतर परत रंगवला असेल तर तो बहुधा रासायनिक हल्ल्याला टिकणारा खास रंग, कार्क म्हणतात, त्याच्या जुन्या प्रकारांच्या प्रायमरमध्ये क्रोमियमची विषारी जात असते. कोरडं घासलं तर ती धूळ फुप्फुसात, आणि तापवला किंवा जाळला तर वेगळाच वाफारा. मग रंग काढायचं केमिकल, खाली प्लॅस्टिक, ओला पॉलिश पेपर, चांगला रेस्पिरेटर, आणि मुलांना गॅरेजबंदी. तीन थर निघाले, दोन हिरवे आणि एक वाळूसारखा पिवळा, आणि सगळ्यात खालच्या हिरव्यावर कुठल्यातरी युनिटचे अर्धवट स्टेन्सिलचे आकडे दिसले, ते मात्र घासताना हात थांबला. फोटो काढून ठेवला आणि घासले. तळाचा पत्रा दोन ठिकाणी बोटाने आरपार जात होता, पेनसिल्व्हेनियात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात त्याची कृपा, तिथे तुकडे कापून नवे बसवले.

वेल्डिंग मी इथे येऊन शिकलो, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. हौस म्हणून नाही, वेल्डरने नुसतं येऊन बघायचे जे पैसे सांगितले त्यात मशीन आलं म्हणून. कराडला असतो तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने हेच काम चहा पिता पिता एका दुपारी माझ्यापेक्षा दसपट सरळ करून दिलं असतं. हे मी ग्रुपवर लिहिलं तर सगळ्यांना वाटलं विनय दाखवतोय, पण नाही, माझे वेल्ड बघितले तर कळेल. आपल्याकडे हात आहेत, नको तितके आहेत. आणि कायदा त्या हातांना म्हणतो, तुम्ही लावलेलं काहीही मुळातच संशयास्पद.

बाकी कामं त्या मानाने भराभर झाली. बेअरिंग काढून धुतले, नवं ग्रीस भरलं. पाटे ठणठणीत होते. पुढचं कडं काढून दोन इंची बॉलचा कपलर लावला, दोन सेफ्टी चेन खालून एकमेकींना ओलांडून. वर झाकण, झाकणावर तंबू बांधायला रॅक, मडगार्डवर २० लिटरच्या कॅनची जागा. वजनाचं गणित मात्र लक्षात ठेवायला लागतं, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर यायला हवा, मागे जास्त माल टाकला की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग गाडी तुमच्या ऐकण्यात राहत नाही.

या कड्यावरून मी इथेही बोलणी खाल्ली. आमच्यापासून तासाभरावर बटलर नावाचं गाव आहे, तिथल्या बँटम कंपनीने १९४० मध्ये पहिली जीप बनवली, सैन्याने दिलेल्या ४९ दिवसांच्या मुदतीत. नंतर मोठी ऑर्डर गेली विलीज आणि फोर्डकडे, आणि जीप जन्माला घालणाऱ्या बँटमच्या वाट्याला आलं जीपमागचे ट्रेलर बनवणं. माझ्या ट्रेलरचं मूळ कूळ तेच. तिथे दरवर्षी जीपची जत्रा भरते, मी गेलो तर एक आजोबा फोटो बघून म्हणाले, कडं काढलंस? आणि मान हलवून पुढे गेले. मी मागून ओरडून सांगितलं की कापलं नाही, बोल्ट काढलेत, ग्रीस लावून फडक्यात गुंडाळून ठेवलंय! म्हणजे "कंपनीने दिलं तसंच ठेवा" म्हणणारी माणसं इकडेही आहेत, आणि चिवट आहेत, फक्त त्यांच्या हातात दंडाचं पुस्तक नाही.

पण तपासणीचं म्हणाल तर इथे जे घडलं ते ग्रुपवर सांगायला मला आठवडा लागला. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, काढायला नोटरी-टॅगच्या दुकानात गेलो (आरटीओचं बरंचसं काम इथे अशा दुकानांतून होतं), त्यांनी डेटा प्लेटचा नंबर दोनदा पडताळला, कागद तीनदा परत पाठवले. आणि दिवे? ब्रेक? कुणी बघितले नाहीत. आमच्या राज्यात नोंदलेलं एकूण वजन ३,००० पौंडांपर्यंत असलेल्या ट्रेलरला वार्षिक इन्स्पेक्शनच नाही. माझ्या कारला दरवर्षी आहे, या साठ वर्षांच्या बुवाला नाही. पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा संध्याकाळ होती, अकरा मैल गेलो आणि सिग्नलला मागचा माणूस उतरून काचेवर टकटक करतोय, की बाबा तुझ्या ट्रेलरला एकही दिवा नाहीये. १२ व्होल्टचे नवे एलईडी मीच लावलेले, घरी चालू बघितलेले. चूक काय तर अर्थची वायर मी माझ्या त्या सुंदर नव्या रंगावरच आवळली होती, लोखंडाला टेकलेलीच नाही, घरी कशीबशी कपलरमधून अर्थ मिळत होती ती रस्त्यावर हादरे बसल्यावर गेली. अकरा मैल मी अंधारात एक हिरवा लोखंडी डबा ओढत होतो. तेव्हा ज्यांना वाटतं इकडे सगळं काटेकोर, त्यांनी हे लक्षात ठेवावं. इकडे माझ्यावर विश्वास टाकला आणि मी त्या दिवशी त्या लायकीचा नव्हतो.

हे वाचून दादाने फोन केला. दादा भांडतो पण विचार करून भांडतो. तो म्हणाला, "तुला वाटतंय वयाचा नियम मूर्ख आहे. पण वय लाच खात नाही रे. आमच्याकडे गाडी न बघता फिटनेसचं सर्टिफिकेट मिळायचं, गाडी घरी आणि शिक्का हातात. तपासणारा माणूस मध्ये आला की चिरीमिरी आली. आरसीवरची तारीख कुणाला खोडता येत नाही, म्हणून तारीख बघतात."

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं आणि अजूनही पुरतं नाहीये. तपासणाऱ्यावर भरवसा नसेल तर आंधळा नियमच कमी वाईट, हे खोटं नाही. पण मी त्याला विचारलं, दादा, तुझ्या शेताबाहेरून गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून जातात, त्यातल्या कितींना मागे दिवा असतो? रिफ्लेक्टर लावायची मोहीम दर हंगामात निघते आणि तरी रात्री मागून धडकलेल्या मोटरसायकलची बातमी येतेच. त्या ट्रॉल्या काही पंधरा वर्षांवरच्या नसतात सगळ्या, कित्येक कोऱ्या असतात. तारीख बघणाऱ्या नियमाला त्या दिसतच नाहीत. माझा ट्रेलर त्या अकरा मैलांत जितका धोक्याचा होता तितक्याच त्या रोज आहेत, आणि दोन्हीचं कारण एकच, दिवा नाही. वय नाही आणि मॉडिफिकेशन पण नाही.

शिवाय सरकारला स्वतःला हे कळतं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, एसटीसकट, पण संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरायच्या चिलखती आणि खास गाड्या त्यातून वगळल्यात. म्हणजे जिथे गाडी खरोखर लागते तिथे तारीख बाजूला ठेवून चालते का तेच बघतात. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात हवी आणि रोज वापरायची नाही, शोला न्यायची. जुनी गाडी एक तर भंगार नाहीतर देवघरातली मूर्ती. माझ्या मामांकडे मिल्ट्री डिस्पोजलची जीप होती, वीस वर्षं खत, वरात, बाळंतीण सगळं वाहिलं तिने, आणि मामांनी तिच्यात इतके बदल केले होते की कंपनीने ओळखली नसती, पण दिवे मात्र रोज संध्याकाळी स्वतः पुसायचे. ती कुठल्या खान्यात बसवायची?

मला विचाराल तर मला तिकडे इकडची मोकळीक नकोय. मला तिकडे असं केंद्र हवंय जिथे वेल्डिंगवाल्याने बनवलेली ट्रॉली घेऊन जाता येईल आणि मशीन सांगेल की ब्रेक लागतो, दिवा लागतो, जोड धरतो, जा. माणूस कमी आणि मशीन जास्त अशी ऑटोमॅटिक टेस्टिंग केंद्रं निघतायत असं दादाच म्हणतो, आणि लगेच पुढे म्हणतो, मशीनच्या बाजूला खुर्ची असेलच ना. असेल. आणि इकडे मला ३,००० पौंडांची ती सूट काढलेली चालेल, माझ्यासारखे लोक बघता.

दादाने परवा मेसेज केला, अर्थची वायर नक्की कुठे लावलीस त्याचा जवळून फोटो पाठव, शेजाऱ्याच्या ट्रॉलीचे दिवे असेच जातात. पाठवला. आता चेसिसवर रंग खरवडून चकचकीत लोखंडावर नट आहे, वरून ग्रीस. उजवीकडचा दिवा मात्र थंडीत अजून मधेच मिणमिणतो, दुसरा नट असणार, शनिवारी खाली घुसून बघतो.