खुलासा: लिनक्स फोन २०१७ सालीच संपले, हे खरे नाही

‘कॅनॉनिकलने (लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीवर आधारलेली उबुंटू बनवणारी कंपनी) उबुंटू फोन गुंडाळला आणि लिनक्स स्मार्टफोनचा, फोनलाच डेस्कटॉप बनवण्याच्या कल्पनेचा विषय तिथेच संपला’ असा दावा पुन्हा फिरतो आहे. यातला पहिला भाग बरोबर आहे. फोन आणि युनिटी ८ (पडद्यावर दिसणारी, वापरायची मांडणी) यांवरचे काम थांबवत असल्याचे कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केले होते.

पण हात काढून घेतला तो एका कंपनीने. कोड खुला होता, म्हणून यूबीपोर्ट्स या समुदायाच्या स्वयंसेवकांनी तो उचलला आणि उबुंटू टच ही फोनची प्रणाली पुढे चालू ठेवली. युनिटी ८ चे नाव २०२० साली लोमिरी झाले आणि ते डेबियन १२ या लिनक्स प्रणालीतही आले. लोकांनी फावल्या वेळात केलेले हे काम ‘संपले’ या एका शब्दात पुसले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

कन्व्हर्जन्स, म्हणजे फोनलाच डेस्कटॉप बनवण्याची ती कल्पनाही, कागदावर राहिलेली नाही. लिब्रेम ५ हा लिनक्स फोन यूएसबी-सी डॉकला लावला की मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडून त्यावर डेस्कटॉपसारखे काम करता येते. ग्नोम आणि केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पांची अनुक्रमे लिबअद्वैता आणि किरिगामी ही ॲप बनवायची साधने वापरून केलेली ॲप्स खिडकीच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलतात. तेच ॲप फोनवर, तेच मोठ्या पडद्यावर.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. कॅमेरा, मोडेम आणि बॅटरी बचतीसाठी लागणारे ड्रायव्हर (हे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) चिप बनवणारे बहुतेकदा खुले करत नाहीत. बँकांची ॲप्सही अँड्रॉइड किंवा आयओएससाठीच बनतात. त्यामुळे प्रत्येकाने आजच आपला फोन बदलावा, असे मी म्हणणार नाही.