‘दर इनबॉक्स केला आहे’

आमच्या देवगडच्या बागेतला हापूस आधी सरळ वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईल ते आपले पैसे. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनने ती घडीच विस्कटली. झाडावर आंबा तयार आणि उचलायला कोणी नाही. तेव्हा मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात.

फोनमध्ये होते नव्हते तेवढे नंबर उचलले आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये कोंबले. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची, मी २४० भरली. शाळेतले सर, गॅसवाला, दाताचे डॉक्टर, आणि कॉलेजातली एक मुलगी, जिच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं. सकाळी बागेचे फोटो, दुपारी दर, संध्याकाळी ‘शेवटच्या काहीच पेट्या!’ (शेवटच्या कसल्या, अर्धी बाग उतरायची होती.)

दोन दिवसांत ग्रुपवर माझ्या फोटोंपेक्षा ‘लेफ्ट’च्या ओळी जास्त. लालबागच्या आत्याचा फोन आला, “मेल्या, तुझे आंबे मी फुकट खातंय, माका भाव कित्याक पाठवतंस?” यावर हसलो तरी. पण एका मित्राने पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. त्याचे वडील तेव्हा हॉस्पिटलात होते. रात्री फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा यायचा. एकदा तसाच दचकून उठून बघतो तर माझी पेटी. तो रागावला नव्हता, नुसता सांगत होता. मला ‘सॉरी’सुद्धा नीट म्हणता आलं नाही.

ग्रुप बंद केला, ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिची गंमत अशी, की मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. २४० पैकी किती जणांना पोचला बघितलं, तर ३१. म्हणजे मी ज्यांना ‘माझे लोक’ समजत होतो त्यातल्या दोनशेवर माणसांनी माझा नंबरही ठेवला नव्हता. आंबा उत्पादकांच्या ग्रुपांवर आजही लोक विचारतात, ही अट चुकवायची कशी? मला तर त्या सगळ्या ॲपमध्ये तेवढी एकच गोष्ट शहाणपणाची वाटते. त्या वर्षी जे काही नीट विकलं गेलं ते त्या ३१ घरांत आणि त्यांनी सांगितलेल्या शेजारपाजारी.

मग लिहायचं काय, हा प्रश्न आला. मी बागेत चाललंय ते लिहायला लागलो. थंडी पडली, मोहर आला. मोहरावर तुडतुडे दिसले, फवारणी करावी लागली. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढलेला आंबा आणि पडीचा आंबा यात फरक काय. अढी, म्हणजे पेंढ्यात पिकायला ठेवलेला आंबा, अजून चार दिवस उघडू नका. एका वर्षी उन्हाने कहर केला आणि फळात साका निघाला. वरून आंबा देखणा, कापला की आत पांढुरका स्पंजासारखा भाग. बाहेरून ओळखणं आम्हालाही जमत नाही. मी लिस्टवर लिहून टाकलं : या तोडीत साका आहे, थांबता आलं तर थांबा, घेतलात तर खराब फळाचा फोटो पाठवा, पैसे परत. भाऊ भडकला, “धंदा करतोयस की पोलिसांत जबाब देतोयस?” सात जणांनी ऑर्डर रद्द केल्या, खोटं कशाला सांगू. त्यातल्या पाच जणांनी पुढच्या हंगामात स्वतःहून विचारलं. दोघं कायमचे गेले.

आणि पोस्टखाली कुणी भाव विचारला की विकणारे देतात ते ‘दर इनबॉक्स केला आहे’ हे उत्तर. बाबांनो, भाजीवाली भर बाजारात ओरडून भाव सांगते, तुम्हाला कसली चोरी? मी पोस्टमध्येच लिहितो : पाच डझनांची पेटी, फळाचं वजन इतकं, दर इतका, गाडीभाडं वेगळं. महाग वाटलं तर माणूस निमूट पुढे जातो, त्याचाही वेळ वाचतो नि माझाही. तसंच पन्नास जणांना टॅग करणं. त्यांच्या भिंतीवर आपला फलक ठोकायला आपण त्यांना विचारलंय का? आणि कुणाच्या तरी श्रद्धांजलीच्या चित्राखाली दुकानाचा लोगो नि मोबाईल नंबर टाकणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार.

पाऊस लागला की माझे मेसेज बंद. दिवाळीच्या शुभेच्छाही लिस्टवर पाठवत नाही. ज्यांना द्यायच्या त्यांना फोन करतो.

परवा एकजण ‘मुंबईतल्या आंबाप्रेमींचे’ ५,००० नंबर विकायला आला होता. एक्सेल फाईल, दर नंबरामागे. म्हटलं, थांब, एक नंबर शोधून बघू. आत्याचा टाकला.

होता.